काळी एक

दुबार पेरणीच्या त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, अमरावतीत एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात काळी एक सरांनी गिटारवर शाळेची प्रार्थना वाजवली. ध्वनिमुद्रित प्रार्थना संगणकावर चालू होती आणि सरांनी तिला साथ करायची होती. सरांची गिटार तिच्यापेक्षा अर्धा सूर वर होती. पहिले कडवे संपायच्या आत त्यांना थांबवण्यात आले. सर तेव्हा एकावन्न वर्षांचे होते आणि त्या संस्थेच्या तेल्हाऱ्याच्या शाळेत एकोणीस वर्षे संगीत शिकवत होते.

हे नाव त्यांना मुलांनी दिले होते. पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या असतात आणि पाच काळ्या. गाणारा ज्या पट्टीवर आपला सा धरतो तिचे नाव सांगतो : पांढरी चार, काळी दोन, असे. सरांचा सा काळी एकवर असे. स्वागतगीत असो, निरोपाचे गाणे असो, पंधरा ऑगस्ट असो, वर्गात शिरताच ते म्हणत, "काळी एक." मुलींचा आवाज खाली पडे, मोठ्या मुलांचा वर फाटे. पट्टी बदलत नसे. एकदा मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा सर म्हणाले, "सा कुठंही ठेवता येते, सर. घरासारखं हाय ते. पण एकदा ठेवला का मंग हलवाचा नाई."

माझी त्यांची ओळख बातम्यांमुळे झाली. अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या दैनिकाचे कार्यालय होते आणि शाळेच्या कार्यक्रमांची बातमी सर स्वतः घेऊन येत. बातमी कागदाच्या एका बाजूला, रुंद समास सोडून, पेन्सिलीने लिहिलेली असे. तिच्यात एक वाक्य ठरलेले : "विद्यार्थ्यांनी स्वागतगीत काळी एकमध्ये सादर केले." मी ते प्रत्येक वेळी काढत असे. दुसऱ्या दिवशी सर फोन करून विचारत, "भाऊ, पट्टी गेली का?" मी जागेचे कारण सांगे. पुढच्या बातमीत ते वाक्य पुन्हा असे.

काळी या शब्दावरून त्यांच्या घरात एक गोष्ट सांगितली जाई. आपल्याकडे शेताच्या जमिनीला काळी म्हणतात. सर मुलगी पाहायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारले, "काळी किती?" सर म्हणाले, "पाच." सासऱ्यांनी पाच एकर धरली. सरांच्या वडिलांची होती ती जमीन बाळापूरजवळ नदीने कधीच कापून नेली होती. ही गोष्ट सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, सांगत. शेवटी म्हणत, "लग्नात पेटी आनली तवा समजलं मले, का पाच कोनत्या ते." सर त्यावर म्हणत, "खोटं बोललो का मी? मोजून पाहा ना."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा संस्थेचे पत्र आले. पालकांची मागणी लक्षात घेऊन सर्व शाखांत यापुढे गिटार शिकवली जाईल. विद्यमान संगीत शिक्षकांनी दिवाळीनंतर अमरावतीला चाचणी द्यावी. चाचणीत अनुत्तीर्ण झाल्यास ती जागा रद्द समजावी. तेल्हाऱ्याच्या शाळेचा पट तीन वर्षे घसरत होता. ज्या घरांना जमत होते त्यांची मुले अकोल्याला जात होती. ज्यांना जमत नव्हते त्यांची कापसाच्या वेचणीला. पालकांच्या सभेत गिटार हा शब्द कोणी काढला होता ते सरांनी शोधून पाहिले. कोणीच काढला नव्हता.

गिटार त्यांना रफीकभाईंनी दिली. अकोल्यात पेट्या दुरुस्त करणारे ते सरांचे जुने परिचित. एका गिऱ्हाइकाने परत न नेलेली गिटार त्यांनी काढून पुसली आणि म्हणाले, "सर, ले जाव. मले लाकूड समजते, सूर नाई समजत. वाजली तं तुमची, नाई तं परत माह्या खिळ्यावर."

शिकायचे कुठे हा प्रश्न होता. मोबाईलवर नेट स्वस्त व्हायच्या आधीची ही गोष्ट. तेल्हाऱ्यात एक नेट कॅफे होता. तिथे व्हिडिओ सुरू होईपर्यंत वेळ संपे. सरांनी मला विचारले. रविवारी सकाळी आमच्या कार्यालयात मी आणि एक शिपाई एवढेच असू. संपादकांची परवानगी घेऊन मी त्यांना खिडकीजवळचा संगणक दिला. जुलैपासून ते दर रविवारी पहिल्या एस.टी.ने येत आणि दहा ते बारा बसत. गिटार आणत नसत, कारण गर्दीत तिला कोणी गुडघा मारील याची भीती होती. वही आणत. आमच्या संगणकांना स्पीकर नव्हते. बातम्यांना ते लागत नाहीत. सर गिटारचे व्हिडिओ आवाजाशिवाय पाहत, बोटे कुठे पडतात ते वहीत उतरवत आणि तेल्हाऱ्याला जाऊन तसे करून पाहत.

वहीची एक पद्धत होती. डावीकडे माहिती, उजव्या समासात कंसात ती कोणी सांगितली ते. ही पद्धत त्यांनी आमच्याकडून उचलली होती. बातमीत दावा असेल तर तो कोणाचा ते लिहायचे, असे मी एकदा बोलून गेलो होतो. त्यामुळे समासात "(व्हिडिओ ३)", "(रफीकभाई)", "(भाऊ)" अशा नोंदी दिसत.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला हाक मारली. "भाऊ, हे सी, डी, ई काय भानगड हाय? सूर हायेत का वर्गाच्या तुकड्या?"

मी शोधून पाहिले. एका पानावर तक्ता होता. वरच्या ओळीत सी डी ई एफ जी ए बी, खालच्या ओळीत सा रे ग म प ध नी. मी म्हणालो, "सी म्हणजे सा, सर. पुढे ओळीने."

"कोनाचा सा?"

माझ्या टेबलावरचा फोन वाजत होता. मी म्हणालो, "सा म्हणजे सा, सर." आणि फोन घ्यायला गेलो. सरांनी वहीत लिहिले.

त्या रात्री घरी त्यांनी पेटी समोर ठेवली आणि गिटारच्या सहा तारा लावल्या. सी म्हणजे सा, सा म्हणजे काळी एक. तिथून मोजत ई ही तार पांढरी चारवर गेली, ए काळी पाचवर, डी काळी दोनवर, जी काळी चारवर, बी पांढरी एकवर. सहावी पुन्हा ई. सगळ्या तारा एकमेकींशी बरोबर जुळल्या. पुढच्या रविवारी येऊन म्हणाले, "लागली, भाऊ. गाय दोन घरं बदलून आली तरी दूध देते, तशी वाजली."

स्केल म्हणजे काय ते त्यांना एका रविवारात कळले. इतकी वर्षे ते तेच शिकवत होते. फक्त अंतरे मोजायची पद्धत नवीन होती. दोन पूर्ण, एक अर्धे, तीन पूर्ण, एक अर्धे. ते पाठ करायला त्यांनी परतीची एस.टी. निवडली. "फुल फुल हाफ, फुल फुल फुल हाफ," असे ते खिडकीशी बसून म्हणत होते. वाहक येऊन थांबला.

"पाच फुल, दोन हाफ. बाकीचे कुठं हायेत, सर?"

"मी एकटाच हाव."

"मंग हे सात कोन?"

"सा रे ग म," सर म्हणाले.

वाहकाने एक तिकीट फाडले. त्यानंतर त्या मार्गावर तो त्यांना पाहिले की विचारी, "आज घरचे सगळे आले का, सर?"

कॉर्ड मात्र त्यांना पटायला वेळ लागला. तीन सूर एकदम वाजवायचे ही गोष्ट त्यांना असभ्य वाटे. "एकाच वेळी तिघं बोलले तं आमच्याकडे त्याले भांडन म्हनते," ते म्हणाले. पण वहीत त्यांनी तिन्ही बोटांची चित्रे काढली, प्रत्येक बोटाचे नख वेगळे दाखवून. डाव्या हाताच्या बोटांना तारेचे चरे पडले होते. ते चरे ते टेबलाच्या कडेवर दाबून पाहत. "पेटी दाबली का वाजते. हिच्यासाठी आधी दुखवून घ्या लागते. पोट्टे कसे करन?" मुले हे कसे करतील, हा प्रश्न ते दर रविवारी एकदा तरी विचारत.

रविवारी सकाळी तालुक्यांच्या बातमीदारांचे फोन येत. त्या वर्षी जुलैअखेर पाऊस गेला, दुसऱ्यांदा पेरलेलेही जळाले आणि एका प्रकारचे फोन वाढले. मी नाव, वय, गाव, मागे कोण कोण, असे विचारत लिहून घेई. मी असा फोन घेतला की सर समोरचा व्हिडिओ थांबवत. त्याला आवाज नव्हता तरी थांबवत. फोन ठेवल्याचा आवाज आला की पुन्हा सुरू करत. सप्टेंबरमध्ये एकदा मी फोनवरचे नाव मोठ्याने परत म्हटले, तेव्हा ते खुर्चीतून वळले.

"मोठी पोरगी आठवीत हाय त्याची," ते म्हणाले. "आमच्याच शाळेत. आवाज चांगला हाय. काळी एकले वर जाते ती, फाटत नाई."

मी विचारले, "किती मुली?"

"दोन." मी आकडा लिहिला. सर पुन्हा पडद्याकडे वळले, पण ते बाराला उठेपर्यंत व्हिडिओ थांबलेलाच होता. ती मुलगी दिवाळीनंतर शाळेत आली नाही.

गिटारची पहिली, सगळ्यात बारीक तार तुटू लागली. एक, मग दुसरी, मग तिसरी. सर प्रत्येक वेळी रफीकभाईंकडे जात. एका रविवारी मीही बरोबर होतो.

"सर, तुमी तार वाजवता का ओढता?" रफीकभाईंनी विचारले. "कॉलेजचे पोट्टे नेते माह्याकडून, सहा सहा महिने टिकते. तुमचीच काहून तुटून राहिली?"

"सुरात हाय, रफीकभाई. पेटीवर मोजून लावली."

"मंग ऊन असन ऑक्टोबरचं."

"ऊनच असन."

मीही तेच म्हणालो. रफीकभाईंनी दोन तारा जास्तीच्या बांधून दिल्या. दिवाळीपर्यंत सरांना चार स्केल, अकरा कॉर्ड आणि शाळेची प्रार्थना येऊ लागली. दिवाळीत मी तेल्हाऱ्याला गेलो तेव्हा त्यांनी ती वाजवून दाखवली. काकू दाराशी उभ्या राहून गायल्या. काकूंचा सा काळी एकवर बसलेला होता. एकही सूर चुकला नाही. काकू म्हणाल्या, "भाऊ, आता पास करन ना यायले?" मी म्हणालो, करतील.

चाचणीचा प्रसंग मी पाहिलेला नाही. तिथे हजर असलेल्या दोघांनी तो मला वेगवेगळा सांगितला. एक सर, दुसरा त्या कार्यालयातला शिपाई. दोघांचे सांगणे जुळते.

टेबलामागे तिघे होते. परीक्षक म्हणून आलेला तरुण सरांना अहो-जाहो करत होता. त्याने संगणकावर प्रार्थना लावली. संस्थेने ती सर्व शाखांसाठी एकदाच ध्वनिमुद्रित करून घेतली होती. सरांनी पहिला कॉर्ड धरला आणि दुसऱ्या ओळीला स्वतःच मान वर केली. तरी वाजवत राहिले. परीक्षकाने प्रार्थना थांबवली.

"सर, सूर जुळत नाहीये."

"जुळून राहिला ना. तुमचा सा पांढरी एक हाय. मी काळी एकवर हाय. बाजूचीच पट्टी."

"गिटारला काळी-पांढरी नसते, सर. ही सी स्केल आहे."

"सी म्हनजे..." सर बोलले आणि थांबले. शिपायाने सांगितले की, सर मग हसल्यासारखे झाले आणि गिटारकडे पाहत राहिले.

त्यांनी पाच मिनिटे मागितली. सहाही तारा अर्धा सूर खाली आणल्या की झाले, असे सांगितले. बाहेर आणखी नऊ उमेदवार बसले होते. दोन मिनिटे मिळाली. सरांनी विचारले, "पेटी असन का इथं?" पेटी नव्हती. ते कानाने तारा उतरवू लागले. गिटार जुनी होती, खुंट्या सरकत होत्या. चार तारा उतरल्या तेव्हा वेळ संपला. प्रार्थना पुन्हा सुरू झाली. चार तारा पांढरी एकच्या हिशेबाने आणि दोन काळी एकच्या, अशी ती गिटार दुसऱ्यांदा वाजली. ती पहिल्यापेक्षा वाईट वाजली.

"ठीक आहे, सर," परीक्षक म्हणाला. "कळवतो आम्ही."

सरांनी विचारले, "पेटीवर म्हनून दाखवू का? म्हनजे पेटी नाई, पन तोंडानं म्हनतो. पांढरी एकवर म्हनतो." शिपायाच्या सांगण्यानुसार परीक्षकाने पुढच्या उमेदवाराला बोलावले. सर नमस्कार करून बाहेर गेले.

पुढच्या रविवारी ते नेहमीच्या वेळी कार्यालयात आले. वही बरोबर नव्हती. झालेला प्रकार त्यांनी क्रमाने सांगितला, बातमी द्यावी तसा. सी म्हणजे सा हे कोणी सांगितले होते, ते त्यांनी सांगण्यात घेतले नाही.

मी ते जुलैतले पान पुन्हा उघडले. तक्ता तसाच होता. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : सा कोणत्याही सुरावर मानता येतो, येथे तो सी, म्हणजे पांढरी एक, मानला आहे.

"सर, ही ओळ मी वाचली नव्हती," मी म्हणालो.

सर खुर्चीच्या मागे उभे राहून वाकले. चष्मा वर करून त्यांनी ती वाचली.

"बारीक हाय," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं. कोणाचा सा म्हणून."

"फोन आला होता ना तुमाले." मग त्यांनी बाहेर पाहिले. "चहा सांगा, भाऊ."

मी संस्थेला पत्र लिहिले. चूक माझ्या सांगण्यावरून झाली, गिटार ताब्यात घेतल्यापासून चार महिन्यांत शिक्षकाने काय काय आत्मसात केले, तारा अर्धा सूर उतरवायला पाच मिनिटे लागतात, फेरचाचणी घ्यावी. अमरावतीच्या आमच्या बातमीदाराने ते हातोहात पोचवले. पोच मिळाली, उत्तर आले नाही. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सांगण्यात आले की, विषय समितीपुढे आहे. नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात सरांना पत्र मिळाले : शैक्षणिक वर्षअखेर जागा रद्द. पत्र घेऊन सर आले तेव्हा मी म्हणालो, बातमी करू. त्यांनी विचारले, "काय लिहसान? सर काळी एकवर होते, म्हनून?" मग म्हणाले, "ते वाक्य तसंही काढता तुमी."

जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाची बातमी त्यांनीच आणली. ती त्यांची शेवटची. स्वागतगीताचे वाक्य जागेवर होते. मी ते तसेच ठेवले आणि पान लागले. रात्री पानावर जाहिरात आली, बातमी खालून कापली गेली आणि ते वाक्य गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही.

एप्रिलमध्ये सर आणि काकू तेल्हाऱ्याची खोली सोडून बाळापूरकडच्या मूळ गावी गेले. जाताना अकोल्यात थांबले. गिटार रफीकभाईंना परत दिली. रफीकभाई नको म्हणत होते. सरांनी स्वतः स्टुलावर चढून ती खिळ्याला लावली. सहाही तारा त्यांनी आदल्या दिवशी अर्धा सूर उतरवून ठेवल्या होत्या. मग पेटी घेऊन बसलेल्या काकूंना स्टँडवर ठेवून ते कार्यालयात आले आणि वही माझ्या टेबलावर ठेवली.

"तुमच्याकडे कोनी शिकन तं देजा," ते म्हणाले. "आता बरोबर हाय ते सगळं."

मी म्हणालो, "सर, त्या दिवशी मी फोन ठेवून परत यायला हवं होतं."

"एस.टी.ची येळ झाली, भाऊ," ते म्हणाले आणि जिना उतरले.

त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. ते गावच्या भजनात पेटीवर बसतात, असे बाळापूरच्या बातमीदाराने दोन वर्षांनी कळवले. पट्टी कोणती, ते त्याला सांगता आले नाही. पुढे त्यांचा फोन लागेनासा झाला.

वही माझ्याकडे आहे. चौऱ्याऐंशी पाने, सगळी पेन्सिलीने. पहिल्या पानावर "सी = सा" असे लिहिलेले आहे आणि पुढे "कोनाचा?" असे. ही दोन्ही एका आडव्या रेघेने खोडून खाली लिहिले आहे : "सी = पांढरी १". त्याखाली सहा तारांची नावे नव्याने आहेत : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी तीन. इतर सर्व नोंदींसमोर उजव्या समासात माहिती कोणी दिली ते कंसात आहे. "सी = सा" या एका नोंदीसमोर नाही. तिथे कागद रबराने घासलेला आहे. उजेडात तिरका धरला की पेन्सिलीच्या दाबाने उठलेली दोन अक्षरे वाचता येतात.